एका छताखाली अनेक हात

एकाच गॅलरीचे चित्रकार एकमेकांसारखे का नसतात, असा प्रश्न पुण्याकडून मुंबईला चित्रे पाहायला जाणाऱ्याला पडू शकतो. मुंबईच्या केमोल्ड गॅलरीचे उदाहरण घ्या. तिचे संस्थापक केकू गांधी यांचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटींचा. 1963 मध्ये त्यांनी आणि खोरशेद गांधींनी जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर ही गॅलरी सुरू केली. तिथेच 1975 मध्ये जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे लागली: शेणमातीच्या रंगावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा. 1989 मध्ये अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन तिथेच झाले. पुढे त्यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवरही चित्रे काढली. याच गॅलरीच्या जितीश कल्लाट यांनी तर नेहरूंच्या भाषणाची अक्षरे आरशांवर जाळून उमटवली. या तिघांना जोडणारी शैली शोधू नये. गॅलरी म्हणजे घराणे नव्हे. ती चित्रकाराच्या पुढच्या कामावर विश्वास टाकते, प्रदर्शने भरवते, विक्री सांभाळते आणि त्यातला वाटा घेते.

गॅलरी म्हणजे शेवटी दुकानच, हा आक्षेप खोटा नाही. पण फक्त खपणारा माल हवा असता, तर एक चाललेली शैली दहा हातांकडून करून घेणे सोपे होते. (तसे करणारेही आहेत.) वारलीला बाजार नव्हता तेव्हा मशे यांना भिंत देणे हा हिशेब नव्हता, पारख होती. मात्र त्यांना ‘आदिवासी’ आणि इतरांना ‘समकालीन’ म्हणण्याची सवय कलाजगताने अजून सोडलेली नाही, आणि ती चूकच आहे. केमोल्ड 2007 पासून फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर आहे. तिथे चित्रे पाहायला तिकीट लागत नाही.