कोमालकाठचा राजपुत्र

टेक्सासमधील न्यू ब्राउनफेल्स या शहराचा संस्थापक म्हणून जर्मन राजपुत्र कार्ल झोल्म्स-ब्राउनफेल्स याचे नाव घेतले जाते. हा मान त्याला मिळायलाच हवा, पण तो घराण्यासाठी नव्हे, आपल्याच सरदारमंडळाच्या योजनेबाहेर जाऊन घेतलेल्या एका निर्णयासाठी. १८४२ मध्ये ऱ्हाइनकाठच्या बीब्रिश येथे काही जर्मन सरदारांनी टेक्सासमधील वसाहतीसाठी मंडळ स्थापले. कुटुंबाने ६०० गुल्डन भरायचे. मंडळाने त्यांना तिकडे न्यायचे आणि ३२० एकर जमीन द्यायची, असा करार असे. १८४४ मध्ये मंडळाने ‘फिशर-मिलर’ प्रदेशात वसाहत करण्याचा हक्क विकत घेतला. लानो आणि कोलोराडो नद्यांमधला हा तीस लाख एकरांहून मोठा मुलूख मंडळातल्या कोणीही पाहिलेला नव्हता, आणि तिथे कोमांची लोकांची सत्ता होती. मिळाला होता तो मुदतबंद हक्क. जमिनीची मालकी नव्हे.

कार्ल जुलै १८४४ मध्ये टेक्सासला पोहोचला, आणि डिसेंबरपासून स्थलांतरितांची जहाजे येऊ लागली. त्यांना थेट त्या दूरच्या मुलखात नेणे म्हणजे संकटात लोटणे होते. वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड लिंडहायमर याने सुचवलेली कोमालच्या झऱ्यांजवळची १,२६५ एकर जमीन कार्लने मार्च १८४५ मध्ये १,१११ डॉलरना घेतली, आणि २१ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, वसाहतीचा आरंभ झाला. बारमाही पाणी, सुपीक माती आणि सॅन अँटोनियोसारखे जवळचे शहर, यांवर गाव तगले.

यावर कोणी म्हणेल की सरदारांच्या नावाशिवाय इतके लोक आलेच नसते. यात तथ्य आहे. फ्रीडरिश अर्न्स्टसारखे जर्मन १८३१ पासूनच टेक्सासात होते. तरी मंडळाने १८४७ पर्यंत सात हजारांहून अधिक माणसे नेली, ती प्रतिष्ठेच्याच बळावर. पण ज्या नावावर लोकांनी घरदार विकले, त्या नावाची जबाबदारीही तेवढीच मोठी होती. कार्लने हिशेब विस्कळीत ठेवले आणि मे १८४५ मध्ये कर्जाचा भार मागे ठेवून तो परतला. पुढच्या वर्षी मेक्सिकोशी युद्ध पेटले, बैलगाड्या सैन्याने घेतल्या आणि किनाऱ्यावर अडकलेले शेकडो लोक रोगराईने मेले. युद्ध मंडळाने ओढवले नव्हते हे खरे. पण पुढची सोय आणि पैसा नसताना जहाजामागून जहाज पाठवणे हा मंडळाचाच निर्णय होता.

कार्लच्या जागी आलेल्या मॉयझेबाखने आपली बॅरन ही पदवी सोडली, १८४६ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग वसवले आणि १८४७ मध्ये कोमांचींशी करार केला. दोघांच्याही यशाचे कारण एकच दिसते: त्यांनी समोरची जमीन आणि माणसे पाहून निर्णय घेतले. कुलीनतेने माणसे गोळा केली; ती जगवायला जागेवरचा विवेक लागला. म्हणून इतिहासाने कार्लला संस्थापक म्हणावे, आणि त्याच नोंदीत किनाऱ्यावर मेलेल्यांचे ऋण त्याच्या मंडळाच्या नावावर मांडावे.