डबल्सचा माणूस

रोहन बोपण्णाची सिंगल्समधली सर्वोत्तम जागतिक क्रमवारी २१३. २००७ साली तो तिथवर पोचला आणि त्याच्या वर कधी गेला नाही. हाच माणूस २९ जानेवारी २०२४ रोजी डबल्सच्या क्रमवारीत जगात पहिला होता. वय ४३. पुरुषांच्या टेनिसमध्ये इतक्या वयाचा अव्वल खेळाडू तोवर झालेला नव्हता. दोनच दिवस आधी मेलबर्नमध्ये मॅथ्यू एब्डनला जोडीला घेऊन त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. ग्रँड स्लॅमच्या पुरुष डबल्समधला त्याचा तो एकसष्टावा प्रयत्न.

सिंगल्सचा २१३ आणि डबल्सचा १, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला जे सांगायचंय ते निम्मं सांगून होतं. डबल्स हा वेगळा पेशा आहे. त्याचं कसब वेगळं, पैशांचा हिशोब वेगळा, कारकिर्दीची लांबीही वेगळी. मी पुण्यात मुलांना टेनिस शिकवते. "मॅडम, डबल्समध्ये त्याचा वेळ घालवू नका, सिंगल्सचंच बघा," हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक नव्या पालकाकडून ऐकावं लागतं. त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. आयटीएफच्या ज्युनियर क्रमवारीत डबल्सचे गुण पाव हिश्शानेच धरले जातात. म्हणजे बारा-तेराव्या वर्षीच मुलाला कळतं की यात फारसं काही ठेवलेलं नाही. मग शनिवारी डबल्स हरला तरी घरी कुणी विचारत नाही.

आणि तरीही भारताला टेनिसमध्ये जे मोठं यश मिळालंय ते बहुतेक डबल्सनेच दिलंय. लिअँडर पेस आणि महेश भूपती १९९९ साली चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले, त्यातली फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले. मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा २०१५ मध्ये डबल्समध्ये जगात पहिली झाली. पेसचं घराणं मूळचं गोव्याचं. बोपण्णा कर्नाटकातल्या कोडगूचा, वडिलांची कॉफीची बाग. पण खेळाडू म्हणून घडण्याच्या वयात तो पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकायला होता, त्यामुळे आम्ही पुणेकर त्याच्यावर थोडा हक्क सांगतो.

आता या पेशातलं कसब. डबल्स बघताना लोक चेंडूच्या मागे मान फिरवतात. तसं करू नका. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघा. २०१९ च्या जानेवारीत बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्रची डबल्सची फायनल झाली, बोपण्णा आणि दिविज शरण विरुद्ध ल्यूक बॅमब्रिज आणि जॉनी ओमारा. मी मुलांना मुद्दाम बेसलाइनच्या मागच्या बाजूला बसवलं होतं, कारण खरा खेळ तिथून दिसतो. नेटपाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात नेऊन सर्व्हिस करणाऱ्याला खुणा करतो. सर्व्हिस मधल्या रेषेवर टाक, बाहेर टाक की समोरच्याच्या अंगावर टाक, हे आधी बोटांनी ठरतं. मग दुसरी खूण. मूठ मिटली तर मी जागेवरच आहे, पंजा उघडला तर मी पलीकडे झेपावणार, माझी रिकामी बाजू तू सांभाळ. हे सगळं दोन सेकंदांत. पुढे चेंडू मारणं हा त्या कराराचा शेवटचा भाग असतो. सर्व्हिस जर ठरल्यापेक्षा हातभर बाहेर पडली तर नेटवरचा खेळाडू चुकीच्या दिशेला निघालेला असतो आणि मोकळ्या कोर्टात चेंडू जातो. बघणाऱ्याला वाटतं, नेटवरच्याने घोळ घातला. खरी चूक सर्व्हिसची असते.

कधी नेटवरचा खेळाडू अगदी मधोमध, नेटच्या उंचीखाली वाकून बसतो आणि सर्व्हिस करणाराही मधल्या खुणेजवळ उभा राहतो. तो डावीकडे जाणार की उजवीकडे, हे रिटर्न करणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याने जरा जरी मान वर करून बघितलं तर त्याचा रिटर्न हमखास उंच येतो. डबल्समध्ये उंच आलेला रिटर्न म्हणजे हातातून गेलेला पॉइंट. म्हणून चांगला डबल्सवाला जोरात मारण्याच्या फंदात पडत नाही, तो नेटकडे धावत येणाऱ्याच्या पायाशी चेंडू टाकतो. मुलांना हे पटायला वर्ष जातं. त्यांना जोरात मारायचं असतं.

त्या दिवशी बोपण्णा-शरण ६-३, ६-४ असे जिंकले. दिविज डावखुरा, बोपण्णा उजवा आणि सहा फुटांहून उंच. अशा जोडीच्या सर्व्हिसची फिरकी दर गेमला बदलते, समोरच्यांना लय सापडत नाही. डबल्सची जोडी जमवताना मैत्रीच्या आधी हे असलं पाहिलं जातं.

नियमही लक्षात घ्या. २००६ पासून एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांत डबल्सला ४०-४० झालं की पुढचा एकच पॉइंट गेम ठरवतो आणि रिटर्न कुठल्या बाजूने घ्यायचा हे समोरची जोडी निवडते. एकेक सेट झाला की तिसरा सेट नाही, दहा पॉइंटचा टायब्रेक. सामने छोटे झाले, वेळापत्रक सोपं झालं. पण चुकीला जागा उरली नाही. दीड तासाच्या खेळात पाच-सहा पॉइंट सगळं ठरवतात, आणि ते पॉइंट खेळायला लागतो तो मुरलेला माणूस. चाळिशीतले खेळाडू डबल्समध्ये का टिकतात याचं एक उत्तर इथे आहे. अर्धंच कोर्ट धावायचं असतं हे दुसरं उत्तर, पण लोक तेवढंच सांगतात याचं मला वाईट वाटतं.

आता जोडीदाराचा प्रश्न, जो सिंगल्सवाल्याला आयुष्यात कधी पडत नाही. क्रमवारी प्रत्येकाची स्वतंत्र, पण स्पर्धेत प्रवेश दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर. तुम्ही चाळिसावे आणि जोडीदार नव्वदावा, तर बेरीज १३०. ती स्पर्धेच्या मर्यादेबाहेर गेली की दोघंही घरी. त्यामुळे वर्षाच्या शेवटी डबल्सवाल्यांचे फोन सुरू होतात. पुढच्या वर्षी कोण रिकामा, कोण कुणाला सोडतोय, कुणाचा गुडघा गेलाय. वरची क्रमवारी असलेला खेळाडू तुम्हाला सोडून गेला तर त्याच्या बेरजेने मिळणाऱ्या स्पर्धाही त्याच्याबरोबर जातात. यात कडवटपणा कमी आणि व्यवहार जास्त असतो, असं या वर्तुळातली माणसं सांगतात.

बोपण्णाची कारकीर्द म्हणजे त्याच्या जोडीदारांची यादीच. पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी, मग भूपती, रुमानियाचा फ्लोरिन मर्जिया, उरुग्वेचा पाब्लो क्वेव्हास, दिविज शरण आणि पुढे एब्डन. कुरेशीबरोबर तो २०१० साली यूएस ओपनच्या फायनलला पोचला. संयुक्त राष्ट्रांतले भारत आणि पाकिस्तानचे राजदूत शेजारी बसून त्यांचा खेळ बघत होते. ब्रायन बंधूंनी त्यांना ७-६, ७-६ असं हरवलं. दोन टायब्रेक, तेवढाच फरक. त्यानंतर काही दिवसांतच चेन्नईत डेव्हिस कप होता. ब्राझीलविरुद्ध भारत ०-२ असा मागे पडून २-२ वर आला आणि निर्णायक सामना बोपण्णाने जिंकून दिला, रिकार्डो मेलोला हरवून. तो सामना सिंगल्सचा होता, हे डबल्सला दुय्यम मानणाऱ्यांना मी आवर्जून सांगते.

पहिलं ग्रँड स्लॅम मिळालं २०१७ मध्ये, फ्रेंच ओपनच्या मिश्र डबल्सचं, कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर. दोन मॅचपॉइंट वाचवून निर्णायक टायब्रेक १२-१० असा घेतला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. कुणालाही वाटलं असतं की हेच शिखर.

२०२१ च्या सुरुवातीचे कित्येक महिने तो एकही सामना जिंकला नव्हता आणि खेळ सोडून घरी जावं का असा विचार करत होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. गुडघ्यांची कूर्चा झिजलेली, रोज वेदनाशामक गोळ्या. त्याला उभं केलं ते अय्यंगार पद्धतीच्या योगाने. ही पद्धत पुण्यात वाढली, बी. के. एस. अय्यंगारांच्या हाताखाली. दोर, पट्टे, खुर्च्या, लोड यांच्या आधाराने एकेका सांध्याला हवं तितकंच वळण द्यायचं. बोपण्णाने ती बंगळुरूला करोनाच्या काळात सुरू केली आणि गोळ्या सुटल्या. जिममध्ये वजनं वाढवून गुडघा बरा करू पाहणारी पोरं माझ्याकडे येतात, त्यांना मी हे उदाहरण देते.

मग एब्डन भेटला. मार्च २०२३ मध्ये दोघांनी इंडियन वेल्स जिंकली. सप्टेंबरमध्ये यूएस ओपनची फायनल, समोर राजीव राम आणि जो सॅलिसबरी. पहिला सेट यांचा, दुसरा त्यांचा. निर्णायक सेटमध्ये एक फटका बोपण्णाच्या हाताला ओझरता घासून पलीकडे गेला. पंचांनी पाहिलं नव्हतं, समोरच्यांनी दाद मागितली नव्हती. बोपण्णाने स्वतःहून सांगितलं की चेंडू मला लागलाय, आणि पॉइंट सोडला. बोपण्णा-एब्डननी तो सामना ६-२, ३-६, ४-६ असा गमावला. माझ्या दृष्टीने त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा पॉइंट तो आहे. चार महिन्यांनी मेलबर्नला सिमोने बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीला ७-६, ७-५ असं हरवून त्यांनी विजेतेपद घेतलं.

विजेत्या जोडीला मिळाले ७ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, दोघांत मिळून. त्याच स्पर्धेत सिंगल्स जिंकणाऱ्या यानिक सिनरला ३१ लाख ५० हजार. म्हणजे जगात पहिला असणाऱ्या डबल्सवाल्याच्या वाट्याला सिंगल्स विजेत्याच्या आठव्या हिश्शाहूनही कमी रक्कम आली. खालच्या पातळीवर, चॅलेंजर स्पर्धांत, तर विमान, हॉटेल आणि तारा बदलण्याचा खर्च भागला तरी पुष्कळ. म्हणून कित्येक जोड्या एकच प्रशिक्षक वाटून घेतात. डबल्स टीव्हीवर कमी दिसतं, कमी दिसतं म्हणून पैसा कमी, आणि पैसा कमी म्हणून मोठी नावं खेळत नाहीत.

त्यावर २०२५ मध्ये यूएस ओपनने उपाय काढला तो मला अजिबात पटलेला नाही. मिश्र डबल्स मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नेली, चार गेमचे सेट ठेवले, सोळाच जोड्या घेतल्या, त्यातल्या निम्म्या सिंगल्सच्या क्रमवारीवर. बक्षीस मात्र दहा लाख डॉलर. डबल्सवर पोट असणाऱ्यांना दारच बंद. सारा एरानी आणि वावासोरी, आदल्या वर्षीचे विजेते, यांना वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळाला. त्यांनी फायनलला इगा श्विऑन्टेक आणि कास्पर रूड यांना हरवून स्पर्धा परत जिंकली. सिंगल्सचे तारे जमवले आणि जिंकले डबल्सवालेच. पेशा वेगळा आहे म्हणतात तो असा.

ऑलिंपिकमध्ये देश बघून जोडी लावावी लागते, त्यामुळे बोपण्णाचं तिथल्या पदकाचं स्वप्न राहून गेलं. रिओला सानियाबरोबर कांस्यपदकाचा सामना गेला. पॅरिसला श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत हार झाली आणि त्याने भारताकडून खेळणं थांबवलं. त्याच पॅरिसमध्ये एब्डनने जॉन पीअर्सबरोबर सुवर्णपदक घेतलं. एशियन गेम्सनी मात्र बोपण्णाला दोन सुवर्णं दिली. दुसरं २०२३ मध्ये हांगझोऊला, आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३ घेतला आणि टायब्रेक १०-४. मी शिकवते त्या मुलींच्या तोंडी ऋतुजाचं नाव असतं, पण ते सुवर्ण डबल्सचं आहे हे त्यांच्या आईवडिलांना आठवण करून द्यावं लागतं.

वयाच्या ४५ व्या वर्षी बोपण्णा टोकियोत जपानच्या ताकेरू युझुकीबरोबर आणखी एका फायनलला पोचला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. २६ एटीपी विजेतेपदं, त्यातली दोन बालेवाडीतली. तो खेळला ती टाटा ओपन २०२३ नंतर पुण्यात झालेली नाही. आता बालेवाडीला चॅलेंजर होते, तिथे तरुण भारतीय जोड्या बाजूच्या कोर्टवर खेळत असतात आणि बघायला मोजकी माणसं. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलांना घेऊन त्या बाजूच्या कोर्टवर जा, बेसलाइनच्या मागे बसा आणि नेटवरच्या खेळाडूचा पाठीमागचा हात बघा. आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी टेनिस शिकत असेल तर आठवड्यातले दोन दिवस डबल्सला द्या, आणि घरी आल्यावर त्या सामन्याचा निकालही विचारा.