लेपर्ड गेकोचं घर

माझ्या लेकीची लेपर्ड गेको लेस्टरच्या थंडीत राहते, पण या पालींचा मूळ मुलूख अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा, कोरडा आणि खडकाळ. म्हणून तिच्या ९० सेंटीमीटर लांब पेटीत एका टोकाला ऊब, दुसऱ्याला गारवा. उबेखालचा दगड ३२ अंशांच्या आसपास, गार बाजू २५. थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर हीटरने पोट भाजतं.

लपायला तीन जागा द्या. त्यातली ओलसर शेवाळ भरलेली जागा (भोक पाडलेला डबाही चालेल) मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओल नसेल तर कात नीट सुटत नाही. बोटांभोवती आवळते, रक्त थांबतं, बोट गळून पडतं. दुकानात हे क्वचितच सांगतात, याचा मला राग येतो.

ही पाल काचेवर चढत नाही. तरी वर जाळी असू द्या, हवा खेळती राहते.