साबुदाण्याच्या खिचडीतला ब्राझील

आषाढीच्या आदल्या दिवशी दहावीच्या वर्गात मी फळ्यावर साबुदाण्याच्या खिचडीचं सामान लिहायला घेतलं. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, तूप, मीठ. भूगोलाच्या तासाला हे काय, असे चेहरे होते. पण खाण्याचा विषय निघाल्यावर मागचा बाकही जागा झाला. मग एकेका जिनसेपुढे तिचं माहेर लिहायचं ठरलं. आपला साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो, पण ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. भुईमूग तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरचीही अमेरिका खंडातून आलेली. फळ्यावर आपलं म्हणावं असं तूप आणि मीठ उरलं. जिऱ्याचंसुद्धा माहेर पश्चिमेकडे, भूमध्य समुद्राच्या बाजूला.

"म्हणजे सर, ज्ञानेश्वर माउलींनी साबुदाण्याची खिचडी खाल्लीच नसेल?"

"नसेलच," मी म्हणालो. वर्ग क्षणभर अगदी गप्प झाला. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण अशी शांतता फार वेळा वाट्याला आली नाही.

2018 मध्ये दहावीचा भूगोल बदलला आणि भारत व ब्राझील शेजारी शेजारी आले. पहिला पाठ क्षेत्रभेटीचा, नंतर स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, मानवी वस्ती असं करत थेट पर्यटनापर्यंत. प्रश्न एकच, तो दोन देशांना विचारायचा. आपल्या शालेय भूगोलात इतकी चांगली कल्पना क्वचित आली असेल. तिचं आम्ही काय केलं? दोन रकाने केले. ॲमेझॉन एकीकडे, गंगा दुसरीकडे, मध्ये पट्टीनं मारलेली उभी रेघ, वर 'फरक स्पष्ट करा'. चाळीस गुणांच्या पेपराला तेवढं पुरतं.

ती रेघ पुसायला खरं तर एकच माणूस पुरतो. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल एप्रिल 1500 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. दोन रकाने, पण ताफा एकच. पुढे 1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांकडे गेला आणि त्यांची जहाजं दोन्ही किनाऱ्यांवर जिन्नस आणि शब्द उतरवत राहिली. काजू तिकडून आला, नावासकट. ब्राझीलमधलं पोर आजही बटाट्याला बटाटाच म्हणतं. आपला पाव, चावी, पगार हे शब्द त्याच्या कानाला परके वाटणार नाहीत. पेरू हे फळाचं नाव वाचून त्याला शेजारचा देश आठवेल, ते वेगळं.

उलट दिशेनं गेली ती गुरं. आंध्रातल्या नेल्लोरच्या नावावरून नेलोर, काठेवाडची गीर, कांक्रेजपासून झालेली गुझेरा. आपली वशिंडाची जनावरं तिकडच्या उन्हाला आणि गोचिडांना टिकली, म्हणून वाढली. मांसासाठी पाळलेल्या गुरांत आज तिथे नेलोरचाच भरणा आहे. हे सांगितलं आणि वर्गातली हवा बदलली. "आपली गाय ते खातात?" हा प्रश्न रागानं आला होता. सांस्कृतिक विविधता म्हणतात ती इथे सुरू होते, आणि नेमक्या इथेच बरेच शिक्षक घड्याळाकडे बघतात. मीही आधी बघितलं. मग एवढंच म्हणालो की आपल्या पुस्तकात ऊस जितक्या सहज येतो तितक्या सहज त्यांच्या पुस्तकात हे येत असेल. कोणाच्या घरी काय शिजतं हे मात्र भर वर्गात विचारायचं नाही, एवढं पथ्य मी पाळतो. त्याची उत्तरं देताना काही मुलं खाली बघतात.

आमच्या लहानपणी जग वेगळ्या तऱ्हेनं यायचं. टुंड्रात एस्किमो, कालाहारीत बुशमन, गवताळ प्रदेशात किरगीझ. 1905 मध्ये हर्बर्टसन या भूगोलज्ञानं जगाची नैसर्गिक प्रदेशांत विभागणी मांडली होती. कल्पना हवामानाची होती. शाळेत येईपर्यंत तिचं प्राणिसंग्रहालय झालं. प्रत्येक पिंजऱ्यात एक माणूस, त्याचं घर, त्याचं अन्न. इग्लूचं चित्र काढलं नाही असं पोर सापडायचं नाही. तिकडच्या इनुइट लोकांच्या भाषेत इग्लू म्हणजे नुसतं घर, लाकडाचं असलं तरी. बर्फाचं घर कॅनडातल्या काही इनुइटांत आणि वायव्य ग्रीनलंडमध्ये असायचं, हिवाळ्यात आणि शिकारीच्या वाटेवर. एस्किमो हे नाव त्यांच्यातल्या अनेकांना अपमानास्पद वाटतं. 1999 मध्ये कॅनडात त्यांचा नुनावुत हा प्रदेश झाला, विधानसभेसह. चित्रातला माणूस मात्र मासा हातात घेऊन तसाच उभा.

भिंतीवरच्या नकाशानं तरी काय सरळ दाखवलं? मर्केटरनं 1569 मध्ये खलाशांसाठी तयार केलेल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट, आणि आपला भारतही ग्रीनलंडहून दीडपट मोठा. वर्गात पृथ्वीगोल असला की हे दोन मिनिटांत संपतं. पण गोल बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटावर असतो.

मला आवडणारा धडा मॉरिशसचा. नाशिक विषुववृत्ताच्या वर साधारण वीस अंश, मॉरिशस खाली तितकंच. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांची पोरंबाळं तिथे आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पण आपले गणपती पावसात भिजत येतात, तिथले हिवाळा ओसरताना. इथे अभ्यंगस्नानाला हुडहुडी भरते तेव्हा तिथे उन्हाळा तोंडावर. संक्रांतीचा तीळगूळ थंडीसाठी म्हणावा, तर जानेवारीत तिथे घामाच्या धारा. पंचांग एक, आकाश उलटं. भूगोलतज्ज्ञ सी. डी. देशपांड्यांच्या जन्मदिवशी, 14 जानेवारीला, आपण भूगोल दिन पाळतो आणि त्याच दिवशी भाषणात उत्तरायण सुरू झाल्याचं सांगतो. पुस्तकात मात्र ते 22 डिसेंबरला सुरू झालेलं असतं.

यंदा मी एक गृहपाठ दिला. ब्राझीलच्या पुस्तकात भारतावर पाठ आहे असं समजून तो लिहा, आमच्या त्या जुन्या टुंड्राच्या थाटात. एका मुलीनं उभं राहून वाचलं: 'भारतीय लोक डोंगराळ भागात मातीच्या घरात राहतात. ते भात खातात. सणाच्या दिवशी ते उपास करतात व त्या दिवशी जास्त खातात.' वर्ग हसून लोळला. मग एकेक हात वर आला. आमचं घर स्लॅबचं आहे. आमच्यात भाकरी असते. सगळेच कुठे उपास करतात? डोंगर तर आमच्या गावात औषधालाही नाही. मी हरकती फळ्यावर लिहीत गेलो. घंटा झाली तेव्हा सतरा झाल्या होत्या.

पुढचा तास गणिताचा. बाईंनी डस्टर उचललं, उभ्या उभ्या फळा वाचला आणि पुसण्याआधी खाली खडूनं अठरावी हरकत लिहिली.