मोजणे आणि ओळखणे : वायुपूरित अभिज्ञातकांच्या तीन रीती

आयनकारी प्रारण मानवी इंद्रियांना जाणवत नाही. त्याच्या परिणामांवरूनच त्याचे अस्तित्व वाचावे लागते. वायुपूरित अभिज्ञातक हे अशा वाचनाचे एक जुने साधन होय. त्याची सर्वपरिचित रचना साधी आहे : वायूने भरलेली बंद नळी, तिचे धातूचे कवच आणि मध्यभागी ताणलेली धनभारित तार. प्रारणामुळे वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन मुक्त होतात व तारेकडे ओढले जातात. हवेत अशी एक आयन-जोडी निर्माण होण्यास सरासरी सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खर्ची पडते.

यापुढील अर्थ विद्युत् दाबावर अवलंबून असतो. दाब बेताचा असता मूळ आयनांचाच विद्युत् भार गोळा होतो. ही आयनीकरण कोठी होय. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर नेलेली उपकरणे आयनीकरणच मोजत होती. त्यांतून वैश्विक किरणांचा शोध लागला. दाब वाढविला की इलेक्ट्रॉनांची संख्या बहुगुणित होते, परंतु मूळ आयनीकरणाशी तिचे प्रमाण टिकून राहते. म्हणून प्रमाणी गणित्रात कणाने वायूत सोडलेली ऊर्जाही कळते.

दाब आणखी वाढविल्यास विसर्जन संपूर्ण तारेभर पसरते. रदरफर्ड आणि गायगर यांनी मँचेस्टर येथे १९०८ मध्ये आरंभिलेल्या कणगणनेला १९२८ मध्ये कील येथे गायगर व म्यूलर यांनी या रीतीचे परिपक्व रूप दिले. येथे प्रत्येक स्पंद ठळक असतो. मात्र सर्व स्पंद सारखेच असतात. कण आला एवढेच समजते, तो कोणता व किती ऊर्जेचा, हे समजत नाही.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. प्रत्येक स्पंदानंतर नळी सुमारे १०० मायक्रोसेकंद बधिर राहते. प्रारण अतितीव्र असल्यास काही गणित्रे प्रत्यक्षाहून फार कमी आकडा, क्वचित शून्यही, दाखवितात. तेथे शांततेचा अर्थ सुरक्षितता असा घेणे जिवावर बेतू शकते. म्हणूनच तीव्र प्रारणाची मात्रा मोजताना आयनीकरण कोठी अधिक विश्वसनीय ठरते. जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ मध्ये सर्न येथे घडविलेली बहुतारी कोठीही प्रमाणी रीतीवरच आधारलेली होती. तिच्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक लाभले.

तात्पर्य, संकेत ठळक करण्याची किंमत त्यातील आशयाने चुकवावी लागते. आकड्याचा अर्थ लावण्यापूर्वी तो कोणत्या रीतीने मिळाला, हे विचारणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.