गाडीच्या आतला आरसा काढायचाय? काच फुटते ती चुकीच्या दिशेने ओढल्यामुळे, आधी हे वाचा

हर्णे बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला गेलात. गाडी दुपारपासून किनाऱ्याजवळ उन्हात उभी. परत येऊन बघता तर आतला आरसा सैल होऊन डुगडुगतोय. 'काढून टाकू, घरी जाऊन बसवू' म्हणत तुम्ही तो धरता आणि जोर लावून स्वतःकडे ओढता. टक्क! आरसा हातात येतो आणि समोरच्या काचेवर कोळ्याचं जाळं उमटतं.

आता नवी काच शोधायला निदान 15-16 किलोमीटरवर दापोली गाठायची. तुमच्या मॉडेलची काच तिथे नसली, तर खेड किंवा चिपळूण. तेही तडा गेलेल्या काचेतून वळणावळणाचा रस्ता बघत. हे टाळता येतं, फक्त आरसा काचेवर कसा बसलेला असतो ते माहीत हवं.

आरसा काचेला चिकटलेला नसतो

बऱ्याच गाड्यांमध्ये काचेला चिकटवलेलं असतं ते धातूचं छोटं बटण. आरशाची दांडी त्या बटणावर खाचेत सरकवून बसवलेली असते. म्हणजे आरसा काढायला बटण उखडायची गरजच नसते.

मग काच फुटते कशामुळे?

समोरची काच एकसंध नसते. साधारण 2-2 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर, असं ते सँडविच असतं. अपघातात काचेचे तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून ही सोय. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 100 नुसार समोरची काच अशी लॅमिनेटेडच लागते.

बटण चिकटलेलं असतं ते आतल्या 2 मिलिमीटरच्या काचेला. आरसा स्वतःकडे ओढला की दांडी तरफेसारखं काम करते आणि सगळा जोर बटणाखालच्या नखाएवढ्या जागेवर येतो. गोंद सुटला तर नशीब, नाहीतर काचेचा टवका निघतो.

म्हणून एकच नियम लक्षात ठेवा: जोर काचेला समांतर लावायचा, काचेपासून लांब नाही.

आधी आरसा कुठल्या प्रकारचा ते ओळखा

1. स्क्रूवाला: दांडीच्या बुडाशी मोबाईलचा टॉर्च मारा. बारीक स्क्रू दिसला तर तो एलन की किंवा टॉर्क्स की वापरून सैल करा. मग आरसा काचेवरूनच छताच्या दिशेने सरकवा.

2. क्लिपवाला: स्क्रू नसेल तर आत स्प्रिंगची क्लिप असते. काही गाड्यांत ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने दाबून आरसा वर सरकवावा लागतो, काहींत दांडी फिरवून सोडवावी लागते. आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघूनच हात लावा.

3. छतावरचा: काही गाड्यांत आरसा काचेवर नसतो, छताला स्क्रूने लावलेला असतो. इथे काचेला धोका जवळपास नाही.

4. वायर, सेन्सर किंवा कॅमेरावाला: वायर असेल तर आधी तिचा कनेक्टर सोडवा. मागे पावसाचा सेन्सर किंवा ड्रायव्हरला मदत करणारा कॅमेरा असेल तर घरी प्रयोग नको, सर्व्हिस सेंटरलाच जा.

किनाऱ्यावरच्या गाड्यांची एक वेगळी अडचण असते. खाऱ्या हवेने तो बारीक स्क्रू गंजून बसतो. स्क्रू हलत नाही म्हणून लोक दांडीलाच हिसका देतात आणि तिथेच घात होतो. गंज सोडवणारा स्प्रे इअरबडवर घेऊन स्क्रूला लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पुन्हा फिरवून बघा.

बटणच काढायचं असेल तर?

आधी काचेच्या बाहेरच्या बाजूने चिकटपट्टी लावून बटणाची जागा खूण करून ठेवा. मग हेअर ड्रायरने बटणाभोवतीची काच हळूहळू कोमट करा. हाताला चटका बसेल इतकी तापवायची नाही. हीट गन नको, उकळतं पाणी नको आणि तापलेल्या काचेवर गार पाणी तर अजिबात नको. काचेचा एक भाग गरम आणि बाजूचा गार झाला की ताण येऊन तडा जातो.

गोंद मऊ पडला की बटण आणि काच यांच्या फटीत दोरा घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढा. हर्णेत यासाठी लांब जायला नको, मासेमारीचा जाड तंगूस चालतो. तो तुटू शकतो, म्हणून दोन-तीन तुकडे जवळ ठेवा. गिटारची बारीक तारही चालते. स्क्रू ड्रायव्हर घुसवून बटण उचकटणं मात्र म्हणजे काच फोडायचं आमंत्रण.

परत बसवताना

उरलेला गोंद ब्लेड आडवं धरून खरवडा, पण काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर ब्लेड चालवू नका. काच स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा, पावसाळ्यात हे जास्त महत्त्वाचं. साधा इन्स्टंट ग्लू ऊन आणि हादऱ्यांपुढे टिकत नाही. आरशासाठीचा वेगळा गोंद मिळतो, तोच घ्या. काम सकाळी किंवा सावलीत करा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत आरसा लटकवू नका.

आणि तडा गेलाच तर?

बाहेरून खडी लागून पडलेला छोटा टवका रेझिन भरून दुरुस्त होऊ शकतो. आतल्या थराला गेलेल्या तड्याला बहुतेक वेळा काच बदलणं हाच उपाय असतो. 'चालतंय की' म्हणून सोडू नका. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना याच काचेचा आधार घेते आणि गाडी उलटली तर छत सावरायलाही ती मदत करते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या काचेचे पैसे मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

त्यामुळे पुढच्या वेळी आरसा डुगडुगला तर ओढायच्या आधी टॉर्च काढा आणि स्क्रू शोधा. नाहीच समजलं, तर दोन्ही बाजूंचे आरसे नीट लावा आणि सावकाश मेकॅनिककडे जा.