पदवी आणि उमेदवारी : महाराष्ट्रातील वाणिज्य शिक्षणाचा मागोवा

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालयाची स्थापना झाली आणि वाणिज्य हा विषय विद्यापीठीय पदवीच्या कक्षेत आला. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेपूर्वीही व्यापाराचे शिक्षण होतच होते. मात्र ते पेढीवर होत असे, आणि मुनिमाच्या हाताखाली रोजकीर्द लिहिताना, खतावणी करताना व हुंडीचे व्यवहार जवळून पाहताना मुलगा तयार होई. महाविद्यालयाने हे ज्ञान वर्गात आणले, त्याला अर्थशास्त्राची, कायद्याची व बँकिंगची जोड दिली आणि ज्यांना जन्माने पेढीचा उंबरा ओलांडता येत नव्हता अशांनाही ते खुले केले. ही मिळकत लहान नव्हती, आणि पेढीवरच्या शिक्षणाची थोरवी सांगताना तिचा विसर पडता कामा नये. परंतु ज्ञान वर्गात आले तेव्हा काम पेढीवरच राहिले, आणि ही ताटातूट मिटवण्याचा अधिकृत प्रयत्न व्हायला महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

काम शिकवण्याची व्यवस्था मधल्या काळात नव्हतीच असे नाही. ती विद्यापीठाच्या बाहेर उभी राहिली. सिडनहॅमनंतर पाचच वर्षांनी, १९१८ साली, मुंबई सरकारने जी. डी. ए., म्हणजे गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, ही पात्रता सुरू केली आणि तिच्यासाठी परीक्षेबरोबरच मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी, म्हणजे जाणत्याजवळ राहून काम शिकण्याची मुदत, आवश्यक ठरवली. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानंतर हीच परंपरा ‘आर्टिकलशिप’ या नावाने देशभर रूढ झाली. तिचा कणा म्हणजे उमेदवार आणि सनदी लेखापाल यांच्यातील लेखी करार. व्यवसायाच्या भाषेत ज्याला ‘प्रिन्सिपल’ म्हणतात तो लेखापाल उमेदवाराला काम शिकवण्यास बांधलेला असतो आणि मुदत पुरी झाल्याचे तोच सनदी लेखापालांच्या संस्थेला कळवतो. कोणाकडून काय शिकायचे आणि न शिकवल्यास दोष कोणाचा, या प्रश्नांना तेथे ठरलेले उत्तर होते.

या उमेदवारीचा आरंभ बहुधा ‘व्हाउचिंग’ने होई. रोकडवहीतील प्रत्येक नोंदीमागे असलेली पावती, बिल किंवा मंजुरीचा कागद काढून तारीख, रक्कम आणि सही जुळते का हे पाहणे व जुळल्यास रंगीत पेन्सिलीने खूण करणे, असे हे काम आहे. ते कंटाळवाणे आहे हे खरे. तरीही शेकडो पावत्या हाताखालून गेल्यावर वाहतूक खर्चाचे एखादे बिल रविवारच्या तारखेचे का, किंवा दोन वेगळ्या पुरवठादारांच्या बिलांवर अक्षर एकच कसे, असे प्रश्न उमेदवाराला आपोआप पडू लागतात. ३१ मार्चला गोदामात उभे राहून मालसाठा मोजताना पुस्तकातील ‘अखेरचा साठा’ या दोन शब्दांमागे किती गोणी, किती धूळ आणि किती अंदाज असतो, हेही त्याला कळते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून ही नजर तयार होत नाही.

मुंबई-पुण्यातील अनेक वाणिज्य महाविद्यालयांनी या समांतर शिक्षणाशी न बोलता जुळवून घेतले. तेथे वर्ग सकाळी सातच्या सुमारास भरत, आणि दहा-साडेदहाला सुटलेला विद्यार्थी लोकल किंवा बस पकडून फोर्टातील अथवा लक्ष्मी रस्त्यावरील कार्यालयात जाई. आर्टिकलशिप करणाऱ्याला पदवीचा अभ्यास बरोबरीने करायचा असेल तर लेखापालांच्या संस्थेची परवानगी लागे, आणि महाविद्यालयाची वेळ प्रशिक्षणाच्या आड येणार नाही अशी अटही पाळावी लागे. वेळापत्रकाने कामाची दखल घेतली. गुणपत्रिकेने घेतली नाही. दिवसातले सहा-सात तास विद्यार्थी जे शिकत होता त्याबद्दल विद्यापीठाने त्याला कधी काही विचारले नाही, आणि वर्गातील प्राध्यापकाला समोरच्या बाकावरचा विद्यार्थी काल कोणत्या गिरणीचे हिशेब तपासून आला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वाणिज्य शिक्षणाचे मोठे नुकसान या अबोल्यामुळे झाले, असे म्हणावे लागते.

शिक्षण आणि श्रम यांची सांगड घालणारा महाराष्ट्राचा स्वतःचा विचार या काळात हाताशी होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही योजना राबवली, जिच्यामुळे खेड्यापाड्यांतील गरीब मुले अंगमेहनतीच्या बळावर पदवीधर झाली. तिचे सामाजिक मोल कोणत्याही मोजमापापलीकडचे आहे. मात्र तेथील श्रम शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी आणि स्वाभिमान जपण्यासाठी होते. शेतात किंवा बांधकामावर केलेले काम अभ्यासक्रमाचा भाग व्हावे अशी तिची रचना नव्हती. ही योजना पुढे विद्यापीठांनी स्वीकारली तेव्हाही ग्रंथालयातील, कार्यालयातील वा बागेतील कामाचे तासावर मानधन मिळे, श्रेयांक मिळत नसत.

व्यवस्थापन शिक्षणाने वेगळी वाट धरली. मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने १९६५ साली जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली, आणि पुढे राज्यभर पसरलेल्या पदव्युत्तर व्यवस्थापन अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळी प्रकल्प रूढ झाला. सुमारे आठ आठवडे एखाद्या कंपनीत काम करायचे, नंतर अहवाल लिहायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची, असा हा क्रम आहे. ज्या संस्थांकडे नामवंत कंपन्या स्वतःहून येतात तेथे हा प्रकल्प नोकरीचे दार ठरला. इतर असंख्य महाविद्यालयांत तो काळ्या बांधणीच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रबंधापुरता उरला, ज्यात कंपनीची माहिती संकेतस्थळावरून उतरवलेली असे आणि प्रश्नावली कोणाकडून भरून घेतली याचा शोध कोणी घेत नसे. दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून चालणार नाही, कारण कंपनीत त्यांना शिकवण्यास बांधील असा माणूस कोणी नेमलेलाच नव्हता. मुंबई विद्यापीठाने १९९९-२००० मध्ये सुरू केलेला बी. एम. एस. हा पदवी अभ्यासक्रम व्यवस्थापन बारावीनंतर लगेच घेऊन आला, आणि हीच अडचण अधिक कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांपुढे उभी राहिली.

अन्यत्र ही गाठ वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवली गेली होती. अमेरिकेत सिनसिनाटी येथे हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात व कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. ब्रिटनमधील ‘सँडविच’ पदवीत अभ्यासाच्या वर्षांच्या मध्ये एक सबंध वर्ष नोकरीचे असते. मुंबईशी १९६८ पासून भगिनी-नगरीचे नाते असलेल्या जर्मनीतील श्टुटगार्टमध्ये १९७४ साली व्यावसायिक अकादमी उभी राहिली, जिचे पुढे बाडेन-वुर्टेमबर्गच्या द्वैती विद्यापीठात रूपांतर झाले. तेथे विद्यार्थ्याचा कंपनीशी करार असतो, अभ्यास आणि काम साधारण तीन-तीन महिन्यांनी आलटून पालटून चालते आणि वेतन दोन्ही काळांत मिळते.

भारतात कायद्याने वाणिज्य पदवीधराकडे फार उशिरा पाहिले. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा मुळात कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले, आणि अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले, तर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. किरकोळ विक्री आणि मालवाहतूक या क्षेत्रांतील पदव्यांना त्यामुळे नवे रूप मिळू लागले.

सर्वसाधारण वाणिज्य विद्यार्थ्यापर्यंत हा बदल पोहोचला तो राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या या आराखड्यात एम. कॉम.सारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला चार श्रेयांक देण्यात आले. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरले जातात, म्हणून चार श्रेयांकांचे काम एकशे वीस तासांचे होते, आणि आठ तासांच्या हिशेबाने ते पंधरा दिवसांत संपते. त्याच वर्षी १ जुलैपासून सनदी लेखापालांच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. विद्यापीठ कामाकडे पहिले पाऊल टाकत असताना कामाची सर्वांत जुनी शाळा आपली मुदत कमी करत होती.

पंधरा दिवसांत व्यवसाय कळत नाही, यावर दुमत होण्याचे कारण नाही. तरीही हा निर्णय स्वागतार्हच म्हटला पाहिजे, कारण कामाला गुणपत्रिकेत जागा मिळाल्याशिवाय ती जागा वाढवण्याची मागणीही करता येत नाही. अडचण जिल्ह्याच्या ठिकाणी अधिक जाणवते. मोठे उद्योग नाहीत म्हणून तेथे ओळखीच्या दुकानातून तासांचा दाखला आणण्याची वाट सोपी वाटते. वास्तविक लातूर-अकोल्याच्या डाळगिरण्या, सांगलीचा हळद-बेदाण्याचा बाजार, कोल्हापूरचे गूळ सौदे, सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या आणि गावोगावच्या पतसंस्था येथे व्यवसायाचे जे शिक्षण मिळू शकते ते महानगरातील वातानुकूलित कार्यालयात मिळणारे नाही. पतसंस्थेत कर्जप्रकरण तपासताना जामीनदाराची सही, तारणाचा उतारा आणि मागील थकबाकी हे तिन्ही कागद समोर ठेवून ‘हे कर्ज द्यावे का’ असे विद्यार्थ्याला विचारणारा एक अनुभवी व्यवस्थापक असेल, तर एकशे वीस तासही वाया जात नाहीत. त्या व्यवस्थापकाला आर्टिकलशिपमधील प्रिन्सिपलसारखी लेखी जबाबदारी आणि तिच्यासोबत काही मानधन द्यावे, आणि प्राध्यापकाने मुदतीत निदान दोनदा तेथे जाऊन त्याच्याशी बोलावे, एवढी तरतूद विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आजच्या चौकटीतही करता येण्याजोगी आहे.